जास्तीचा वेळ

लाँड्रीच्या जिन्याखाली रफूवालीची खोली आहे. खोली कसली, दार असलेलं कपाटच म्हणायचं. एक टेबल, एक खुर्ची, हवा तसा वाकणारा दिवा आणि स्टँडवर बसवलेलं जाड भिंग. जिन्यावरून कोणी धपाधप उतरलं की वरून भुरुभुरु धूळ पडते. रफूवाली भिंगावर फुंकर मारते आणि पुन्हा मान खाली घालते. सिगारेटनं भोक पडलेले कोट, खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी, कसरीनं खाल्लेले स्वेटर तिच्याकडे येतात. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून ती धागे ओढून काढते आणि भोकावर एक वरून, एक खालून असे विणत जाते. विणून झालं की भोक कुठे होतं ते मालकालाही सांगता येत नाही.

हे काम तिला माहेरून आलेलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा तिला बटणसुद्धा धड लावता येत नसे. सासऱ्यांनी शिकवलं. मुलाला शिकवायचं त्यांच्या मनात होतं, पण मुलाच्या पायाला भिंगरी. तो बसवर कंडक्टर झाला आणि सुटला. मग सासऱ्यांनी सुनेला खुर्चीत बसवलं. त्यांनी तिच्यावर कधी आवाज चढवला नाही. दोनच गोष्टी परत परत सांगितल्या. उलटी बाजू पाहिल्याशिवाय काम हातावेगळं करायचं नाही, आणि गिऱ्हाईक दारात नाचत असलं तरी आपल्या हातानं नाचायचं नाही. ते गेले, पण या दोन गोष्टी तिच्या अंगात मुरल्या. सकाळी देवापुढे बसताना ती आधी त्यांना नमस्कार करायची, मग देवाला. देव समजून घेईल, असं म्हणायची.

नवरा थट्टेखोर. तो म्हणायचा, "हिच्या हातात सुई दिली की भिंतीवरचं घड्याळ बंद पडतं."

त्यांना एकच मुलगी. घरात तिला ठकी म्हणत. शाळेतली मुलं गोगलगाय म्हणत, ते घरी कुणाला माहीत नव्हतं; ठकीनं सांगितलं नव्हतं. पोरगी कानानं शिकणारी. बापानं एकदा बसच्या मार्गावरचे थांबे म्हणून दाखवले की ती उलटे म्हणून दाखवायची. इतिहासाचा धडा कुणी वाचला तर कोणत्या राजानं कुणाशी तह केला आणि का मोडला, हे ती गोष्टीसारखं सांगे. पण पुस्तक तिच्या हातात दिलं की संपलं. अक्षरं जागेवर राहत नाहीत म्हणायची. एका ओळीवरून घसरून दुसऱ्या ओळीवर जायची. लिहायला बसली की एक वाक्य लिहून ते चार वेळा खोडायची, आणि पेपरची वेळ संपली तरी ही अजून तिसऱ्याच प्रश्नावर. गुण यायचे ते सांगण्यासारखे नसत.

शाळेच्या शेवटच्या मोठ्या परीक्षेचं वर्ष आलं तेव्हा वर्गबाईंनी रफूवालीला बोलावून घेतलं. बाई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या की मुलगी मठ्ठ नाही, हिला वाचण्या-लिहिण्याचीच अडचण आहे. तसं प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जास्तीचा वेळ मिळतो आणि प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळतो. त्यासाठी आधी बुद्धीची चाचणी करावी लागते. बुद्धी चांगली असून वाचता येत नाही, असं दिसलं पाहिजे. बुद्धीच कमी निघाली तर ही सवलत नाही.

"मग तर काळजीच नाही," असं रफूवालीच्या तोंडून गेलं. त्या दिवशी ती घरी जवळजवळ उड्या मारत आली. इतकी वर्षं पोरीच्या पाठीवर मूर्खपणाचा शिक्का बसत होता, तो आता कुणीतरी पुसणार होतं. देवापुढे बसली तेव्हा मागणं मागायचंही विसरली, नुसते आभारच मानले.

चाचणीच्या दिवशी दोघी लवकर निघाल्या. वाटेत रफूवालीनं मुलीला सगळं नीट समजावलं. घाई करायची नाही. काही करायला दिलं तर आधी उलटसुलट बघायचं. पक्कं झाल्याशिवाय हातातून सोडायचं नाही. आणि एखादं उत्तर नक्की माहीत नसेल तर ठोकून द्यायचं नाही, गप्प बसायचं; अंदाजपंचे बोलणाऱ्या माणसाची किंमत राहत नाही. ठकीनं मान डोलावली. ती आईचं ऐकणारी मुलगी होती.

चाचणीवाल्या मॅडमची खोली स्वच्छ, पांढरी. दाराला मधोमध काचेची एक उभी पट्टी होती. रफूवालीला बाहेरच्या बाकावर बसवलं. बसवलं खरं, पण तिचा जीव राहीना. पाण्याच्या निमित्तानं उठायची आणि काचेतून बघून घ्यायची. आत टेबलावर लाल-पांढरे ठोकळे होते. समोरच्या पुस्तकात एक नक्षी होती आणि तशी ठोकळ्यांची नक्षी जुळवायची होती. ठकी एकेक ठोकळा उचलायची, त्याच्या सगळ्या बाजू फिरवून बघायची, खालची बाजूसुद्धा, मग अलगद ठेवायची. ठेवून झाल्यावर पुन्हा पुस्तकाकडे बघायची आणि पुन्हा ठोकळ्यांकडे. मॅडमच्या हातात एक घड्याळ होतं. त्या काही बोलत नव्हत्या.

रफूवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी अगदी आजोबांसारखं काम करत होती. बाकावरच्या दुसऱ्या एका आईला ती न राहवून म्हणाली, "माझी मुलगी बघा. किती शांतपणे करतेय."

निकाल सांगायला मॅडमनी नंतर बोलावलं. अठ्ठ्याहत्तर, त्या म्हणाल्या. पंच्याऐंशी किंवा वर असायला हवं होतं.

रफूवालीला आधी समजलंच नाही. तिला वाटलं शंभरात अठ्ठ्याहत्तर, म्हणजे उत्तमच की. मॅडमनी हा आकडा परीक्षेच्या गुणांसारखा नसतो हे समजावलं. त्यांनाही पुढचं सांगणं जड जात असावं. त्या म्हणाल्या, "ठोकळ्यांच्या नक्ष्या तिनं जवळजवळ सगळ्या बरोबर केल्या. पण वेळ संपल्यावर. वेळ संपल्यावर केलेल्याचे गुण देता येत नाहीत. शब्दांचे अर्थ विचारले तर निम्म्या ठिकाणी ती बोललीच नाही. मला वाटतं तिला येत होतं. पण वाटण्यावर मला गुण देता येत नाहीत."

"ती असं का करत होती?" असंही त्यांनी विचारलं. तक्रार नव्हती त्यात, खरंच कुतूहल होतं.

रफूवालीला वाटेवरचं आपलं बोलणं शब्दन् शब्द आठवलं.

मग तिनं गयावया केली. परत घ्या म्हणाली, आजच घ्या, आता ती पटापट करेल. मॅडम म्हणाल्या की हीच चाचणी लगेच परत घेतली तर मुलांना आठवत असतं, त्यामुळे मधे बराच काळ जावा लागतो, आणि परीक्षा तर त्याआधीच आहे. अहवालात त्यांनी लिहिलं होतं की मुलीची खरी क्षमता याहून जास्त असू शकते. पण प्रमाणपत्र देणाऱ्या समितीतली माणसं आकडा बघतात, खालचं कोणी वाचत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. शेवटी म्हणाल्या की मोठ्या इस्पितळात वेगळ्या प्रकारची चाचणी होते, तिथे नाव घालून बघा. निघताना त्यांनी रफूवालीच्या हातावर हात ठेवला. "एक ऐका. या वेळी तिला काही शिकवू नका. काहीच नाही."

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. जेवताना घास हातात धरून म्हणाला, "म्हणजे जास्तीचा वेळ पाहिजे असेल तर आधी कमी वेळात करून दाखवायचं? हे बेस आहे. उद्या मी पण तसंच करतो. पाय मोडलेल्या माणसाला म्हणतो, सीट देतो, पण आधी बसच्या मागे पळत या." तो एकटाच हसला. मग घास ताटात ठेवून उठला. त्याला मुलीसमोर डोळ्यांत पाणी आलेलं चालत नसे.

नणंद शेजारच्याच गल्लीत राहायची. ती आली आणि खुर्चीत बूड टेकायच्या आधी बोलून मोकळी झाली. "वहिनी, राग मानू नका, पण तुमची पोरगी तुमच्यावर गेली. आमच्या दादाकडे बघा, चालत्या बसमध्ये सुट्टे पैसे मोजतो. त्याची एक नस जरी उचलली असती तरी आज हे दिवस नसते." ठकी आत होती. भिंत पातळ होती.

मॅडमनी काही शिकवू नका म्हटलं होतं. रफूवालीनं ते पदराला गाठ मारल्यासारखं लक्षात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून नेमकं त्याच्या उलट केलं. ज्या आईनं आपल्या हातानं पोरीचा घात केला, तिला हात जोडून स्वस्थ बसवेल कसं? तिनं लाँड्रीतून निरनिराळ्या रंगांची बटणं आणली आणि टेबलावर ओतली. रंगवार लाव, लवकर. काड्यापेट्या आणल्या. मी मांडते तशी मांड, लवकर. नवरा घड्याळ धरून बसू लागला. सुरुवातीला त्यानं त्याचा खेळ केला, गळ्यात नसलेली शिट्टी वाजवून ओरडायचा, "पुढे चला, पुढे चला, मधे जागा आहे." ठकी खळखळून हसायची आणि बटणं उधळायची. ते पहिले काही दिवस बरे गेले.

नंतर हसणं थांबलं. ठकी बटणं लावता लावता श्वास रोखून धरायची. बोटांची नखं कुरतडून कुरतडून तिनं मासाला लावली. शब्द विचारला की तोंडाला येईल ते बोलायची. 'दया' म्हणजे काय, तर म्हणाली, "जेवण." आईनं का म्हणून विचारलं तर म्हणाली, "लवकर सांगायचं होतं ना." एके संध्याकाळी रफूवालीनं तिला एका कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे काढायला दिले. हे काम ती लहानपणापासून करत आली होती. तिनं घाईघाईत शिवण न बघता पुढचंच कापड कापलं. गिऱ्हाइकाचा भारी कोट, अगदी छातीवर चीर. रफूवाली बघत राहिली. आपण ज्या हाताला इतकी वर्षं घडवलं, तोच हात आपण आता मोडतोय, हे तिला दिसलं. त्या क्षणी थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. परीक्षा जवळ आली होती.

देवाशी तिची घासाघीस सुरू झाली. आधी ती म्हणाली, पंच्याऐंशी दे. मग म्हणाली, तिला एक वर्ष मिळू दे, माझ्या आयुष्यातलं एक काढून घे. मग तेही थांबलं. हात जोडून बसायची आणि डोळ्यांसमोर मूर्तीऐवजी लाल-पांढरे ठोकळे यायचे. तिला भीती वाटायची की देवही हातात घड्याळ धरून बसला आहे आणि तिची प्रार्थना वेळ संपल्यावर पोचते आहे. असं मनात आलं म्हणून ती स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची.

इस्पितळातला नंबर लागला. तिथे पांढरी शांत खोली नव्हती. लांबच लांब व्हरांडा, रडणारी मुलं, फरशी पुसल्याचा फिनेलचा वास. चाचणी घेणारा तरुण डॉक्टर दारात येऊन नाव पुकारत होता. ठकीचं नाव आलं. ती उठली, दोन पावलं गेली आणि मागे वळली.

"आई, हळू की भरभर?"

रफूवालीच्या ओठांवर मॅडमचे शब्द आले. तुझं तू ठरव, एवढंच म्हणायचं होतं. पण तुझं तू ठरव असं तिनं मुलीला जन्मात कधी म्हटलं नव्हतं. एका बाजूला अठ्ठ्याहत्तर होतं आणि दुसऱ्या बाजूला काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टर दार धरून उभा होता.

"भरभर," ती म्हणाली.

इथल्या दाराला काच नव्हती. ती बाकावर बसली आणि नामस्मरण करू लागली, आणि तिच्या लक्षात आलं की नामसुद्धा आपण भराभर घेतो आहोत, शब्द एकमेकांत अडकतायत.

एकाहत्तर आले.

तरुण डॉक्टरला फार वेळ नव्हता, पण तो तुसडा नव्हता. तो म्हणाला, "सुरुवातीला ती इतक्या घाईनं करत होती की नमुन्याकडे बघतच नव्हती. मग एका ठिकाणी थांबली ती थांबलीच. दाराकडे बघत बसली." मग त्यानं प्रमाणपत्र मिळणार नाही हे सांगितलं आणि पुढचं नाव पुकारलं.

बसथांब्यावर दोघी शेजारी बसल्या. बऱ्याच बसेस आल्या आणि गेल्या. रफूवालीनं धीर करून मुलीचा हात हातात घेतला. म्हणाली की बाळा, यात तुझी काही चूक नाही.

"माहितीये," ठकी म्हणाली. "मी दोन्ही वेळा तू सांगितलंस तसंच केलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता आलं असतं, रडता आलं असतं, पोरीला जवळ ओढता आलं असतं. ठकीनं ते नुसतं खरं म्हणून सांगितलं होतं, थांब्यांची नावं सांगावीत तसं. रफूवाली रस्त्याच्या पलीकडे बघत राहिली. पलीकडे एक माणूस दुकानाची काच पुसत होता. पुसायचा, मागे सरकून बघायचा, परत पुसायचा.

शाळेत मोठ्या बाईंनी दोघींना आत बसवलं आणि दार लावून घेतलं. त्यांचं बोलणं सरळ होतं. सवलत नाही म्हणजे इतरांसारखी परीक्षा, इतरांच्या वेळात, प्रश्न स्वतः वाचून. त्यात मुलीचा टिकाव लागणार नाही. त्यापेक्षा तिला शाळेतून काढा आणि घरी कामाला लावा. हातात कला आहे, तिचं काही वाईट होणार नाही. शाळेचा निकालही बिघडणार नाही, हे त्या बोलल्या नाहीत, पण मागच्या वर्षी निकालासाठी मिळालेल्या टेबलावरच्या ढालीकडे त्यांची नजर दोनदा गेली. वर्गबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली होती.

"काय करायचं, सांगा," मोठ्या बाई म्हणाल्या.

रफूवालीकडे उत्तर तयार होतं. घरून निघतानाच तिनं आणि नवऱ्यानं ठरवलं होतं की काढून घेऊ, पोरीचे हाल नकोत. शब्द जिभेवर आले होते. पण तिला त्या व्हरांड्यातला स्वतःचा आवाज ऐकू आला, एका शब्दाचा. ती मुलीकडे वळली. काय विचारावं हेही तिला धड सुचेना, कारण असं विचारायची सवयच नव्हती.

"तू सांग," ती म्हणाली. "मी काही सांगणार नाही."

मोठ्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं. वर्गबाईंनी मान वर केली. बाहेर मैदानात खेळाचा तास चालला होता आणि कुणीतरी चेंडू भिंतीवर मारत होतं. ठकी कुरतडलेल्या नखांकडे बघत राहिली, खूप वेळ. इतका की नणंद तिथे असती तर तिनं तिला हलवून जागं केलं असतं.

"बसते परीक्षेला," शेवटी ती म्हणाली. "दोनच प्रश्न लिहीन. प्रत्येक पेपरात दोन. तेवढे हळू वाचता येतील मला."

"दोन प्रश्नांत कोणी पास होतं का?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"नाही होत," ठकी म्हणाली. "पण ते दोन बरोबर असतील."

मोठ्या बाईंनी रफूवालीकडे पाहिलं. आईनं पोरीला समजवावं, अशी ती नजर होती. समजवायला रफूवालीकडे पुष्कळ होतं. दोन प्रश्नांनी काही होत नाही, नापासाचा कागद जन्मभर मागे लागतो, लोक हसतील, आत्या तर दारात उभी राहून हसेल. सगळं खरं होतं. आणि आपण गप्प बसलो तर हे सगळं पोरीच्या वाट्याला येणार, हेही खरं होतं. तिनं हात मांडीवर घट्ट धरून ठेवले, आणि ती गप्प बसली.

घरी आल्यावर ती देवापुढे बसली. मागायला काही सुचेना. पंच्याऐंशी आता लागणार नव्हते, आणि पास कर म्हणायची तिला लाज वाटली. तेवढं ती पोरगी स्वतःच मागत नव्हती. ती नुसती बसून राहिली. आतल्या खोलीत ठकी पुस्तकातली एक ओळ बोटानं वाचत होती, अडखळत, परत मागे येत, परत पहिल्यापासून. एका शब्दापाशी फार वेळ अडली. रफूवालीला तो शब्द तिथूनच कळला होता. तिनं तोंडावर पदर धरला.